पाकिटातली चांदी

चांदरहून दोना एर्मेलिंदा आल्या
पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता.
फियाट अकराशे, अठ्ठावन्न सालची,
चहात दूध जास्त झाल्यावर होतो त्या रंगाची.
आधी सीटखालची पाण्याची बाटली काढली,
मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"तू सांतान मेस्ताकडचा तुळशीदास ना?
ही गाडी तहानेलीच रे. तीस वर्षं पाजलं हिला लिओकादनं.
कुठं नेली नाही, कुणाला दाखवली नाही.
आता तो नाही, आणि बॉनेट मला उचलत नाही."

हेडच्या तोंडाशी, जिथून पाणी रेडिएटरकडे वळतं,
तिथं दोन बोल्ट.
एक घट्ट.
दुसरा बोटांनी फिरला, फिरतच राहिला,
हो हो म्हणत जागचं न उठणाऱ्या माणसासारखा.
ओढून काढला.
आट्यांत करडी भुकटी
आणि भुकटीत चिकटलेली
सिगरेटच्या पाकिटातली चांदी.

मी सतरा वर्षांचा होतो.
कुडचड्याला तेव्हा दिवसरात्र खनिजाचे ट्रक,
त्यांचे नट आम्ही पान्यात पाइप घालून
अंगाचा भार टाकून आवळायचो.
तोच हात ह्या बोल्टाला लावला.
मोडल्याचा आवाज आला नाही.
उकडलेल्या रताळ्यात सुरी जावी
तसं पान्याखाली काहीतरी मऊ झालं.
मेस्त जेवायला गेले होते,
स्टुलावर त्यांचं पाकीट.
चांदी फाडली, गुंडाळली, बोल्ट बसवला.
संध्याकाळी लिओकाद हसतच गाडी घेऊन गेला.

ॲल्युमिनियम भांडत नाही.
लोखंडानं जोर केला की
आपलेच आटे सोडून देतं.
बाहेरून बघाल तर भोक तेच, बोल्ट तोच,
नुसतं धरून ठेवणारं कुणी नाही आत.

दोनाला खुर्ची दिली, पंखा तिकडे वळवला.
भोकाच्या तळाशी ग्रीस लावलेली चिंधी कोंबली,
कीस पाण्याच्या वाटेला जाऊ नये म्हणून.
मग ड्रिल, सरळ, अगदी सरळ,
श्वास सोडताना दाबायचं, घेताना थांबायचं.
टॅपला दोन थेंब रॉकेल.
अर्धा फेरा पुढे, पाव मागे,
अर्धा पुढे, पाव मागे,
जुनं उरलंसुरलं सगळं चंदेरी वळ्यांनी बाहेर आलं.
रेंदेर माडाला खाचा पाडतो
त्या फक्त त्याच्या पायापुरत्या,
झाडाला कळू न देता.
तेवढंच.

नव्या आट्यांत पोलादी तारेचं वेटोळं फिरवत नेलं,
काठाच्या अर्धा फेरा खाली थांबवलं.
खालचं शेपूट पंचनं तोडलं. टुक.
चिमट्यानं उचललं, चिंधी काढली.
नवा बोल्ट घातला आणि पाना
टोकाला नाही, मधोमध धरला.
इतकं शिकायला मला
कितीतरी ट्रक लागले.

इंजिन चालू केलं. पंधरा मिनिटं.
जोडावर बोट फिरवलं, कोरडं.

दोना उठून बाकापाशी आल्या,
बोल्ट बघितला, मग नखानं
चांदीचा तुकडा उलटा केला.
"लिओकाद सिगरेट ओढत नव्हता," म्हणाल्या.
मी हात पुसत होतो.
ते पुसून झाले तरी पुसत होतो.
"किती झाले?"
"ह्याचे पैसे मेस्तांनी तेव्हाच घेतले होते."

त्यांनी पर्स मिटली.
गाडीत बसल्या, काच खाली केली,
बाटली माझ्याकडे धरली.
"ही ठेव. तुझ्याकडे असू दे."

दुपारी शटर अर्धं ओढून
तीच उघडली.
पाणी कोमट, जरासा पेट्रोलचा वास.
सगळं प्यालो.